ग्रामोद्योगांचे उपासक डॉ. कुमारप्पा

दसरा सरला, म्हणजे बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे घराला कुलूप लावून ऊसतोडणीसाठी दूरची वाट धरतात. त्यांच्या शिवारात ज्वारी, बाजरी, तूर आणि करडई पिकते. परंतु पाऊस पुरेसा पडत नाही आणि वर्षभराची बेगमी होत नाही. म्हणून हे कष्टाळू लोक कित्येक महिने परमुलखातील उसाच्या फडावर खोपटे बांधून राहतात. बरोबर गेलेल्या मुलांची शाळा बुडते. अशा वेळी मनात विचार येतो, की भूमीने आधी काय पिकवावे? घरच्या पोटाची भाकरी, की बाजारासाठी साखर? हा प्रश्न ज्यांनी जन्मभर आपल्या चिंतनाचा विषय केला, त्या डॉ. जे. सी. कुमारप्पा यांचे हे चरित्र आहे.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतील तंजावर येथे एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला जाऊन ते हिशेबतपासणीच्या विद्येत प्रवीण झाले आणि मुंबईत त्यांनी तो व्यवसाय सुरू केला. पुढे अमेरिकेत अर्थशास्त्राचा अभ्यास करीत असता हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कारणे त्यांनी शोधून काढली आणि त्यांवर एक प्रबंध लिहिला. परकीय सत्तेने देश कसा निर्धन केला, हे आकड्यांनीच त्यांना दाखविले.

१९२९ साली तो प्रबंध घेऊन ते महात्मा गांधींच्या भेटीसाठी साबरमती आश्रमात गेले. अंगावर उंची रेशमी पोशाख होता. वाटेत झाडाखाली, शेणाने सारविलेल्या जमिनीवर एक वृद्ध गृहस्थ सूत कातीत बसलेले त्यांना दिसले. काही वेळाने त्यांना उमगले, की हेच गांधीजी! मग पोशाखाची पर्वा न करता कुमारप्पा त्या जमिनीवरच बसले. त्या भेटीने त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. गांधीजींच्या सांगण्यावरून ते गुजरातमधील मातर तालुक्यात गेले आणि तेथील खेड्यांतील कुटुंबांच्या जमाखर्चाची त्यांनी बारकाईने पाहणी केली. कागदावरचे दारिद्र्य आता त्यांना प्रत्यक्ष चुलीपाशी दिसले. रेशमी पोशाख गेला आणि अंगावर खादी आली.

१९३४ च्या अखेरीस वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेला मगनवाडी असे नाव पडले. तेथे कुमारप्पांनी संघाचे कार्य चालविले. उखळ, जाते, तेलघाणी, मधमाश्यांची पेटी, हातकागद या सर्वांवर तेथे प्रयोग होऊ लागले. विलायतेत शिकलेला हा विद्वान जात्याचा आणि घाण्याचा अभ्यास का करतो, याचे अनेकांना नवल वाटे. परंतु त्यामागे मोठा विचार होता.

गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो, पण त्याच्या कोंड्याबरोबर अंगाला पोसणारी जीवनसत्त्वे निघून जातात. अशाच तांदळावर राहणाऱ्यांना बेरीबेरी नावाचा रोग जडतो. हातसडीच्या तांदळात ती शक्ती पुष्कळ अंशी टिकून राहते. गावातल्या घाण्यावर तेल काढले, तर पेंड गावातच राहते; ती गुरे खातात; गुरांचे शेण शेतात जाते; आणि शेत पुन्हा धान्य देते. हे चक्र मोडले, की माणूस आणि माती दोन्ही दुबळी होतात, असे कुमारप्पा सांगत. यंत्राने नांगरट लवकर होते खरी, पण यंत्र शेण देत नाही, हे ते विसरू देत नसत. गावातील केरकचरा आणि मैला यांपासून उत्तम खत करावे, असा त्यांचा आग्रह होता.

गावाने प्रथम आपल्या गरजा मोजाव्यात. किती धान्य, किती डाळ, किती तेल, किती भाजी आणि किती कापूस लागतो, ते ठरवून त्या मानाने जमीन वाटून घ्यावी. उरेल ते बाजारात न्यावे, अशी त्यांची योजना होती. गोडासाठी सुपीक जमीन उसाला देण्यापेक्षा पडीक जागी वाढणाऱ्या ताडाच्या आणि शिंदीच्या नीरेचा गूळ करावा, असे ते म्हणत.

स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांना अनेकदा कारावास घडला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला; तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी निसर्गातील उदाहरणे दिली आहेत. माकड आमराईत शिरते, फळे ओरबाडते आणि निघून जाते. मधमाशी मध घेते, पण घेता घेता फुलांचे परागीभवनही करते. पक्षीण तर परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना चारा भरविते. माणसाने माकडाच्या पायरीवरून वर चढावे, हा त्या ग्रंथाचा गाभा होय.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या शेतजमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. पुढे वर्ध्याजवळील सेलडोह येथे त्यांनी शेतीचे प्रयोग केले. देश मोठमोठ्या कारखान्यांच्या वाटेने जात होता आणि त्यांचे म्हणणे ऐकणारे थोडे होते. तरी त्यांनी आपला मार्ग सोडला नाही. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशीच, त्यांनी देह ठेवला.

मुलांनो, ज्वारीच्या ताटाकडे एकदा नीट पाहा. त्याचे कणीस आपल्याला भाकरी देते, कडबा बैलाला मिळतो आणि बैलाचे शेण पुन्हा त्याच मातीला मिळते. बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कुमारप्पांनी तेच ज्ञान जगापुढे मांडले. मातीकडून जे घ्यावे, ते तिला परत करावे. हे ऋण ज्याला कळले, त्याला त्यांचे चरित्र कळले.