न्यायमूर्ति केशवराव कोरटकर

वकिलीच्या धंद्यांत पैसा मिळतो, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगणें नको. त्या पैशाचें व त्या वजनाचें पुढें काय होतें, हाच खरा प्रश्न होय. आणि त्याचें एक उत्तर आमच्याच मुलखांतील एका गृहस्थांनीं देऊन ठेविलें आहे. वसमत तालुक्यांतील पुरजळ हें गांव आज हिंगोली जिल्ह्यांत मोडतें. तेथें १८६७ सालीं केशवराव कोरटकर यांचा जन्म झाला.

त्या काळीं हा सर्व प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. रयत बोले मराठी, तेलुगु वा कानडी. कोर्टकचेऱ्यांचा कारभार, फारसी मागें पडल्यावर, चाले उर्दूंत. अशा राज्यांत केशवरावांनीं प्रथम गुलबर्ग्यास वकिली केली, १८९६ सालीं ते हैदराबादेस आले, आणि पुढें तेथील हायकोर्टाच्या न्यायासनावर बसले. पुष्कळांचें चरित्र येथेंच संपतें. मागें उरतो तो एक वाडा!

केशवरावांनीं मात्र १९०७ सालीं वामन नाईक प्रभृति मित्रांसह हैदराबादेंत विवेक वर्धिनी शाळा उभी केली. मराठी मुलांस मातृभाषेंत विद्या मिळावी, हा हेतु. केवळ दरबारची मर्जी सांभाळून राहूं पाहणारा अशा उद्योगांत पडत नाहीं. आर्यसमाजाचें अध्यक्षपदहि त्यांनीं पत्करिलें. आपला मुलगा विनायकराव यास त्यांनीं हरिद्वारनजीकच्या कांगडी गुरुकुलांत धाडिलें. तेथील पदवी त्या वेळीं सरकारी नोकरीस निरुपयोगी होती. सुधारणेस आरंभ शेजाऱ्याच्या घरापासून करण्याची आमची रीत त्यांस ठाऊक नसावी!

एक कटु गोष्टहि सांगणें प्राप्त आहे. १९२१ सालीं ह्याच विवेक वर्धिनीच्या नाट्यगृहांत महर्षि कर्वे यांच्या अध्यक्षतेखालीं सामाजिक परिषद भरली असतां एक वकील तेलुगुंत बोलूं लागले, तों श्रोत्यांनीं त्यांची टर उडविली. आंध्र जनसंघ जन्मला तो ह्या अपमानांतून. हा दोष केशवरावांच्या माथीं आम्ही मारीत नाहीं. परंतु आपल्या भाषेसाठीं मागितलेला हक्क शेजाऱ्याच्या भाषेस नाकारणाऱ्या मराठी मंडळीस आम्ही निर्दोष म्हणूं शकत नाहीं.

केशवराव १९३२ सालीं वारले. गुरुकुलांतून निघालेले विनायकराव विलायतेंत बॅरिस्टर झाले, आणि निजामी राजवट गेल्यावर हैदराबाद राज्याचे अर्थमंत्रीहि झाले. हैदराबादेंत नारायणगुड्यास १९४० सालीं निघालेली केशव मेमोरियल संस्था वडिलांच्याच नांवाची आहे.