विश्लेषण : पिल्लू नर की मादी, पहिल्याच दिवशी कसे कळते? ‘पनेट स्क्वेअर’वाल्या शास्त्रज्ञाने घडवलेल्या दुर्मीळ कोंबड्यांची गोष्ट

अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याला मादी हवी असते. उबवलेल्या अंड्यांतून मात्र साधारण निम्मे नर निघतात. दोन्ही पिल्ले दिसायला सारखीच. तुरा वाढून लाल होईपर्यंत काही आठवडे जातात आणि तोवर नरांच्या खाद्याचा खर्च अंगावर पडतो. या अडचणीवर शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजमधील एका प्राध्यापकाने उत्तर शोधले. बारावीच्या जीवशास्त्रामुळे त्यांचे नाव लाखो विद्यार्थ्यांना पाठ आहे, पण त्यांच्या कोंबड्या फारशा कोणाला माहीत नाहीत.

कोण होते पनेट?

रेजिनाल्ड क्रंडल पनेट यांचा जन्म 1875 मध्ये इंग्लंडमधील टनब्रिज येथे झाला. लहानपणी अपेंडिक्सच्या दुखण्याने ते वरचेवर अंथरुणाला खिळत. त्या काळात घरातली प्राणिजीवनावरची पुस्तके हाती लागली आणि तीच गोडी पुढे टिकली. केंब्रिजला ते वैद्यकीय शिक्षणाच्या विचाराने गेले, पण 1898 मध्ये प्राणिशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. सुरुवातीचे संशोधन समुद्री कृमींवर होते.

मेंडेल यांचे विस्मरणात गेलेले नियम 1900 मध्ये पुन्हा उजेडात आले आणि पनेट विल्यम बेटसन यांच्यासोबत आनुवंशिकतेच्या कामाला लागले. गोड वाटाण्याची फुले आणि कोंबड्यांचे तुरे हे त्यांचे प्रयोगाचे साहित्य. 1905 मध्ये ‘मेंडेलिझम’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक आले. आई-वडिलांची जनुके कडेला लिहून अपत्यांच्या शक्यता घरांत मांडण्याची चौकट, म्हणजेच ‘पनेट स्क्वेअर’, त्यांचीच.

रामानुजन यांना केंब्रिजला बोलावणारे गणिती जी. एच. हार्डी हे पनेट यांचे क्रिकेटमधले सोबती. प्रभावी गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊन सगळीकडे का पसरत नाही, हा प्रश्न पनेट यांनी हार्डींपुढे ठेवला. 1908 मध्ये हार्डींनी दिलेले उत्तर आज ‘हार्डी-वाइनबर्ग नियमा’त शिकवले जाते. 1912 मध्ये पनेट केंब्रिजमधील आनुवंशिकीचे पहिले बाल्फोर प्राध्यापक झाले.

युद्धाचा आणि पिल्लांचा संबंध काय?

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई होती. अंडी न देणाऱ्या नरांना दाणे घालणे परवडणारे नव्हते. पनेट यांनी सुचवले, की पिल्लाच्या रंगावरूनच नर ओळखावा आणि पहिल्याच दिवशी वेगळा काढावा. वेगळा काढणे म्हणजे मारणे, हे उघडच होते.

यामागचे गणित समजायला सोपे आहे. माणसात अपत्याचे लिंग वडिलांकडून ठरते, पक्ष्यांत आईकडून. कोंबड्याकडे दोन ‘झेड’ गुणसूत्रे असतात, कोंबडीकडे एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. त्यामुळे मुलीला ‘झेड’ मिळते ते फक्त बापाकडून. सोनेरी आणि रुपेरी रंगाचे जनुक याच ‘झेड’वर असते आणि रुपेरी प्रभावी ठरते. आता ऱ्होड आयलंड रेड हा सोनेरी कोंबडा आणि लाइट ससेक्स ही रुपेरी कोंबडी एकत्र आणा. मुलींना फक्त बापाचा सोनेरी रंग मिळतो, त्या तांबूस निघतात. मुलग्यांना आईकडून रुपेरी जनुक मिळते, ते फिकट पिवळे निघतात. चार घरांची चौकट आखली की संपले.

मग नवी जात कशाला?

कारण ही युक्ती एकाच पिढीपुरती चालते. त्या पिल्लांची पुढे पैदास केली तर रंगांची सरमिसळ होते. शेतकऱ्याला दरवेळी दोन शुद्ध जाती सांभाळाव्या लागतात. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच ओळख देणारी जात हवी होती.

उत्तर मिळाले पिसांवर आडवे पट्टे आणणाऱ्या जनुकात. तेही ‘झेड’वरच असते. शुद्ध पट्टेरी जातीत नराला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, मादीला एक. हे जनुक रंग फिका करते, म्हणून नर दुप्पट फिका पडतो. काळ्या पिल्लांत हा फरक डोक्यावरच्या पांढुरक्या ठिपक्यापुरताच दिसतो आणि नजर फसते. पनेट आणि त्यांचे सहकारी मायकेल पीज यांनी पट्टेरी प्लिमथ रॉक आणि बेल्जियमची सोनेरी कॅम्पाइन यांच्या संकरातून हेच जनुक तपकिरी कोंबडीत आणले, तेव्हा फरक ठळक झाला. 1930 च्या सुमारास तयार झालेली ही जात म्हणजे ‘कॅम्बार’. नावात कॅम्पाइनही आहे आणि केंब्रिजही.

पुढे लेगहॉर्नपासून ‘लेगबार’ आली. दक्षिण अमेरिकेतील निळी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे रक्त मिसळून ‘क्रीम लेगबार’ झाली. निळ्या अंड्याच्या वारशावर पनेट यांनी 1933 मध्ये स्वतंत्र शोधनिबंधही लिहिला.

क्रीम लेगबारचे पिल्लू कसे ओळखतात?

तळहातावर घेऊन पाठ पाहायची. मादीच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गडद तपकिरी पट्टा असतो, कडा स्पष्ट, जवळपास खारीसारखा. नराची लव फिकट राखाडी, पट्टा पुसट, डोक्यावर पांढुरका ठिपका. पाहायचे ते पहिल्या एक-दोन दिवसांतच, पिसे फुटू लागण्याआधी. आणि जात शुद्ध हवी. बाहेरचा कोंबडा कळपात शिरला, की ही खूण भरवशाची राहत नाही.

मग या जाती दुर्मीळ का झाल्या?

जपानी शास्त्रज्ञांनी 1920 च्या दशकात पिल्लाचे गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची पद्धत विकसित केली. तरबेज माणूस तासाला शेकडो पिल्ले पाहू लागला, तीही कुठल्याही जातीची. नंतर जास्त अंडी देणाऱ्या व्यापारी संकरित कोंबड्या आल्या. कॅम्बार आता क्वचितच दिसते, क्रीम लेगबार हौशी पालकांनी टिकवली. गंमत अशी, की तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक व्यापारी संकरित कोंबड्यांची पिल्ले आजही सोनेरी-रुपेरीच्या त्याच जुन्या हिशेबाने वेगळी होतात. जात मागे पडली, गणित कारखान्यात गेले.

पनेट 1940 मध्ये निवृत्त झाले. 1967 मध्ये सॉमरसेटमध्ये त्यांचे निधन झाले. बेटसन यांच्यासोबत त्यांनी 1910 मध्ये सुरू केलेले ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे नियतकालिक जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासोबत भारतात आले. आज ते बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी चालवते.

सध्या चर्चा का?

लिंग पहिल्याच दिवशी कळू लागल्याने नरांच्या खाद्याचा प्रश्न सुटला, नरांचा नाही. जगभरात अंडी उद्योगातली नर पिल्ले वायूने किंवा यंत्रात घालून मारली जातात. जर्मनीने 2022 च्या सुरुवातीपासून त्यावर बंदी घातली, पाठोपाठ फ्रान्सनेही. तिथल्या हॅचऱ्या आता पिल्लू बाहेर येण्याआधी, अंड्यातच लिंग तपासणारी यंत्रे वापरत आहेत. काही यंत्रे त्यासाठी कवचातून प्रकाश टाकून आतल्या पिसांचा रंग पाहतात. ही युक्ती चालते ती मात्र नर-मादीचा रंग वेगळा असलेल्या तपकिरी संकरांतच.