रॉबर्ट फिट्झरॉय

रॉबर्ट फिट्झरॉय (५ जुलै, १८०५ – ३० एप्रिल, १८६५) हे ब्रिटिश नौदल अधिकारी, जलसर्वेक्षक व हवामानशास्त्रज्ञ होते. जनतेसाठी हवामानाचा दैनंदिन अंदाज प्रसिद्ध करण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. हवामानाच्या संदर्भात ‘फोरकास्ट’ हा इंग्रजी शब्दही त्यांनीच रूढ केला.

पूर्वायुष्य

फिट्झरॉय यांचा जन्म इंग्लंडमधील सफोक परगण्यात एका उमराव घराण्यात झाला. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांनी पोर्ट्समथच्या नौदल विद्यालयात प्रवेश घेतला. १८२८ मध्ये ‘बीगल’ या सर्वेक्षण जहाजाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १८३१ ते १८३६ या काळातील बीगलच्या दुसऱ्या सफरीत चार्ल्स डार्विन त्यांच्यासोबत होते. १८४१ मध्ये ते ब्रिटिश संसदेवर निवडून आले. १८४३ ते १८४५ या काळात ते न्यूझीलंडचे गव्हर्नर होते.

हवामान विभाग

१८५४ मध्ये ब्रिटिश व्यापार मंडळाने सागरी हवामानाच्या नोंदी संकलित करण्यासाठी नवा विभाग स्थापन केला आणि त्याचे प्रमुखपद फिट्झरॉय यांना दिले. आजच्या ब्रिटिश हवामान खात्याचा उगम या विभागात आहे. फिट्झरॉय यांनी मासेमारीच्या बंदरांवर वायुभारमापक बसवून घेतले आणि पाऱ्याच्या चढउतारावरून वादळाची चाहूल कशी घ्यावी, याच्या सोप्या सूचना कोळ्यांसाठी तयार केल्या.

२५ व २६ ऑक्टोबर, १८५९ रोजी ऐन शरद ऋतूत आलेल्या भीषण वादळात ऑस्ट्रेलियाहून परतणारे ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ फुटले. त्यात सुमारे ४५० जण मृत्युमुखी पडले. किनाऱ्यावर इतरही शंभराहून अधिक जहाजे नष्ट झाली. ठिकठिकाणच्या नोंदी तपासून फिट्झरॉय यांनी दाखवून दिले की, अशा वादळाची आगाऊ सूचना देणे शक्य होते. ध्रुवाकडील थंड हवा आणि दक्षिणेकडील उबदार, दमट हवा एकमेकांना भिडल्याने वादळे निर्माण होतात, असे त्यांचे मत होते.

१८६१ मध्ये त्यांनी किनाऱ्यावरील केंद्रांतून तारायंत्राने निरीक्षणे मागवून धोक्याच्या सूचना देण्यास आरंभ केला. सूचना मिळताच बंदरात खांबावर शंकू किंवा ढोलाच्या आकाराचे चिन्ह चढवले जाई. १ ऑगस्ट, १८६१ रोजी त्यांचा पहिला अंदाज ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रात छापून आला. १८६३ मध्ये ‘द वेदर बुक’ हा त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला.

टीका व मृत्यू

अंदाज चुकले की वृत्तपत्रे त्यांची थट्टा करीत. अंदाजांना शास्त्रीय आधार नसल्याचा आक्षेप काही वैज्ञानिकांनीही घेतला. ढासळती प्रकृती, नैराश्य व आर्थिक ओढाताण यांनी खचून त्यांनी ३० एप्रिल, १८६५ रोजी आत्महत्या केली. सार्वजनिक कामांसाठी स्वतःचा पैसा खर्च केल्याने त्यांची संपत्ती संपली होती. त्यांच्या कुटुंबासाठी पुढे निधी उभारण्यात आला.

वारसा

फ्रान्सिस गॉल्टन यांच्या समितीच्या प्रतिकूल अहवालानंतर १८६६ मध्ये अंदाज व वादळाच्या सूचना बंद करण्यात आल्या. मात्र सूचनांचा प्रत्यक्ष उपयोग अनुभवलेल्या दर्यावर्दींकडून मागणी झाल्याने त्या १८६७ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. दैनंदिन अंदाज १८७९ मध्ये पूर्ववत झाले. २००२ मध्ये ब्रिटिश सागरी अंदाजातील ‘फिनिस्टेर’ या क्षेत्राला ‘फिट्झरॉय’ असे नाव देण्यात आले.