स्वतःच्याच हृदयात नळी घालणारा डॉक्टर

डायलिसिसच्या रुग्णाचा हात किंवा चेहरा सुजू लागला, छातीवर शिरा फुगून दिसू लागल्या, की छातीतली मोठी शीर बंद झाल्याची शंका आम्हा डॉक्टरांना येते. मग हाताच्या शिरेतून काँट्रास्ट, म्हणजे एक्स-रेमध्ये उठून दिसणारे औषध सोडून सीटी स्कॅन करतात. हातापासून हृदयापर्यंतची ही वाट जगाला दाखवली ती वेर्नर फोर्समन यांनी.

१९०४ साली बर्लिनमध्ये जन्मलेले फोर्समन १९२९ मध्ये एबर्सवाल्डच्या रुग्णालयात नवखे डॉक्टर होते. हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेता येईल, असे त्यांना वाटे. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. निर्जंतुक साहित्य परिचारिका गेर्डा डिट्झेन यांच्या ताब्यात होते. त्या स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाल्या. फोर्समननी त्यांना टेबलावर बांधले आणि नळी मात्र स्वतःच्या डाव्या हातात घातली! मग त्याच अवस्थेत चालत एक्स-रे विभागात जाऊन, आरशात पाहत त्यांनी ती ६५ सेंटिमीटरची नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत सरकवली. पुढे काँट्रास्टचा प्रयोगही त्यांनी स्वतःवरच केला.

कौतुक दूरच, बर्लिनच्या शारिते रुग्णालयातली त्यांची नोकरी गेली. ते मूत्रविकारांकडे वळले. १९३२ मध्ये ते नाझी पक्षात गेले. हा डाग पुसता येत नाही. महायुद्धानंतर खेड्यात डॉक्टरकी करावी लागली. १९५६ मध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. १९७९ मध्ये ते वारले. त्याच वर्षी सीटी स्कॅनच्या शोधाला नोबेल मिळाले.

पण शिरेत बरेच दिवस राहिलेली नळी आतून इजा करते आणि कधी शीर आखडून बंद होते. डायलिसिससाठी मानेत नळी घातलेल्यांमध्ये हे दिसते. दाट काँट्रास्टने स्कॅनवर चकाकणारे पट्टे उमटून नेमकी जागा झाकली जाते; शिवाय अधू किडनीला ते जपूनच द्यावे लागते. म्हणून ते सलाइनमध्ये पातळ करून, कमी मात्रेत देता येते.

फोर्समननी धोका स्वतःवर घेतला. रुग्णाचा धोका कमी करणे हे आमचे काम. तुम्ही एवढे करा: स्कॅनआधी किडनीचा आजार, औषधांची अॅलर्जी आणि पूर्वी मानेत किंवा छातीत घातलेली नळी यांविषयी डॉक्टरांना आवर्जून सांगा.