डॉ. रखमाबाईंचे वडील

शुभवर्तमानांत प्रभू येशूच्या सेवाकार्याला आरंभ झाल्यावर योसेफ फारसा दिसत नाही. मूल स्वतःचे नसता त्याने ते आपले म्हणून वाढवले, संकटात परदेशी नेऊन वाचवले, आणि मग कथेतून तो बाजूला झाला. डॉ. रखमाबाईंचे चरित्र वाचताना मला योसेफाची आठवण येते ती त्यांच्या सावत्र वडिलांमुळे.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत १८६४ साली झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. आई जयंतीबाई यांनी पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली आणि पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती. सखाराम अर्जुन मुंबईतले नाणावलेले डॉक्टर. वनस्पतींचा त्यांचा अभ्यास मोठा. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत ते होते.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी याच्याशी झाले. जावयाने सासरेबुवांच्या घरी राहून शिकावे असे ठरले होते, पण शिक्षणात त्याचे मन रमले नाही व तो आपल्या मामाकडे राहू लागला. मुलगी वयात आल्यावर तिला नांदायला धाडावे, हा त्या काळचा रिवाज. डॉक्टरांनी तो मानला नाही. कोवळ्या वयातील संसार मुलीच्या देहाला घातक, हे वैद्य म्हणून त्यांना ठाऊक होते. मुलगी माहेरीच राहिली. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके येत, ती वाचून ती घरच्या घरी शिकली. (पुढेही ती ख्रिस्ती झाली नाही. पण त्या ग्रंथालयाच्या कपाटांचा आपल्या मंडळीला आनंद वाटावा.)

१८८४ साली दादाजीने वकिलांमार्फत डॉक्टरांनाच पत्र पाठवले, की तुम्ही माझ्या बायकोला अडवून ठेवले आहे. मग खटला उभा राहिला. मालमत्तेच्या लोभाने मुलीला घरात ठेवल्याचा आरोपही झाला. एखाद्या बापाने लोकलाजेस्तव मुलीची समजूत घालून तिला पाठवून दिले असते. सखाराम अर्जुन यांनी तिच्यासाठी वकील दिला.

निकाल ऐकणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. एप्रिल १८८५ मध्ये ते वारले. सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. तो पुढल्या वर्षी अपिलात फिरला. १८८७ साली न्यायालयाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या! शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पेची यांनी धीर दिला, साहाय्य केले, आणि १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. आज पेडणे-डिचोलीची मुलगी बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात गेली की घरात पेढे वाटतात. सखाराम अर्जुन यांना पेढे वाटायला मिळाले नाहीत. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही कथा सांगताना खटल्यावर न थांबता त्याआधीच्या वर्षांविषयीही सांगावे. ज्या मुलीचा पुढे अभिमान वाटावा तिच्यासाठी बापाने सोसले ते तेव्हा.

परत आल्यावर डॉ. रखमाबाईंनी १८९५ पासून सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात सेवा केली व पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात. पस्तीसेक वर्षे त्या बायकामुलांना औषधपाणी करीत राहिल्या. मग मुंबईस येऊन राहिल्या, आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी नव्वदी ओलांडून त्यांनी देह ठेवला. तेव्हा सखाराम अर्जुन यांना जाऊन सत्तर वर्षे झाली होती.