औट्रमची शिकार आणि भिल्लांचा माग

जेम्स औट्रम हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते १८५७ च्या लखनौच्या वेढ्यामुळे. परंतु या सेनानीच्या आयुष्यातील पहिली मोठी कामगिरी आपल्या खानदेशात घडली आणि तिला शिकारीचा फार मोठा हातभार लागला, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात नसते. म्हणून त्याच्या चरित्राची थोडी ओळख करून द्यावीशी वाटते.

औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात झाला. वडील बेंजामिन औट्रम नावाजलेले इंजिनिअर होते. जेम्स दोन वर्षांचा असतानाच ते वारले आणि कुटुंबावर हलाखीचे दिवस आले. आईने मुलांना स्कॉटलंडमध्ये वाढवले. जेम्सचे शिक्षण ॲबर्डीन येथे झाले. परंतु अभ्यासापेक्षा मैदानी खेळांतच त्याचे मन रमे. १८१९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो कंपनी सरकारच्या फौजेत दाखल होऊन मुंबईस उतरला. त्या वेळी तो अंगाने अगदी लहानखुरा होता. पुढे गुजरातेत असताना घोड्यावर बसून भाल्याने रानडुक्कर मारण्यात त्याने मोठे नाव कमावले.

त्या सुमारास खानदेशची स्थिती कशी होती? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली व हा मुलूख इंग्रजांकडे आला. वर्षानुवर्षांच्या लुटालुटीने गावे ओस पडली होती. डोंगरवाटा राखण्याचे आणि त्याबद्दल हक्क घेण्याचे भिल्ल नाइकांचे जुने अधिकार डळमळीत झाले होते. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांत भिल्लांनी शस्त्र उचलले. इंग्रजांनी पलटणी पाठवल्या. पण तापाने शिपाई मरत आणि भिल्ल हाती लागत नसत. शेवटी १८२५ साली गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत वेगळा विचार झाला. भिल्लांसाठी तीन एजन्स्या स्थापन झाल्या. त्यांपैकी वायव्येकडील एजन्सीचे ठाणे कुकरमुंड्याला होते आणि नंदुरबारचा भाग तिच्याखाली येई. त्याचबरोबर भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचे ठरले. हे काम बावीस वर्षांच्या औट्रमकडे आले.

औट्रमने आरंभ केला तो बळाने. रात्री डोंगरावर चढून त्याने भिल्लांच्या ठाण्यावर छापा घातला व काही जणांना पकडले. त्यांच्यामार्फत इतरांशी बोलणे सुरू केले, आणि मग तो पहारा न घेता एकटाच त्यांच्यात वावरू लागला. भिल्लांचा विश्वास कसा बसावा? आपल्याला एकत्र जमवून मारण्याचा हा डाव असेल, अशी शंका त्यांच्या मनात होती. ती शंका दूर करण्यास जे उपाय कामी आले, त्यांत शिकारीची सोबत हा मोठा होता.

आपल्या कोरड्या मुलखात शिकारीचा पहिला बेत आखणे हे परक्या माणसाचे काम नव्हे. चैत्र-वैशाखात नाले आटतात. पाणी कुठल्या डोहात उरले आहे, हे ज्याला ठाऊक त्यालाच सावज कुठे येणार ते कळते. चितळाला पाण्याच्या जवळ राहावे लागते. चिंकारा मात्र पाण्यावाचून बराच काळ काढतो आणि उघड्या माळावर राहतो. सांबर दिवसा घळीच्या सावलीत बसते व रात्री बाहेर पडते. वारा आपल्याकडून सावजाकडे वाहत असेल तर सारा बेत फसतो. सागाची पाने गळून वाळलेली असतात, त्यांच्यावर बूट पडला की हरणांचा कळप उधळलाच! वाघाची चाहूलदेखील प्रथम हरणांच्या इशाऱ्यावरूनच लागते. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. पण या गोष्टी मला पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या तोंडपाठ आहेत.

औट्रमजवळ बंदूक होती. हे ज्ञान भिल्लांजवळ होते. रानात शिरल्यावर साहेबाला भिल्लाच्या मागून चालावे लागे. खंडू नावाचा भिल्ल माग काढण्यात त्याचा विशेष भरवशाचा साथीदार होता. औट्रम इतर साहेबांप्रमाणे हत्तीवर बसून राहत नसे. तो पायी झाडीत घुसे. एकदा वाघाने त्याच्यावर झेप घेतली आणि दोघेही उतारावरून गडगडत खाली आले. औट्रमने पिस्तूल काढून वाघाला ठार केले. त्याच्या जखमा पाहून भिल्ल रडू लागले, तेव्हा त्याने त्या हसण्यावारी नेल्या. ही गोष्ट पाड्यापाड्यांतून पसरली. पुढील नऊ-दहा वर्षांत त्याच्या शिकारींत दोनशेच्या जवळपास वाघ पडले. पलटणही वाढत गेली व धरणगाव हे तिचे मुख्य ठाणे झाले.

परंतु या मैत्रीचा शेवट कुठे झाला, हेही पाहिले पाहिजे. १८३० साली हीच भिल्ल पलटण घेऊन औट्रम डांगच्या राजांवर चालून गेला. रानातल्या ज्या वाटा भिल्लांनी त्याला शिकारीसाठी दाखवल्या, तशाच वाटांनी कंपनीची सत्ता डोंगरात शिरली. माग काढणारे तेच होते; सावज मात्र बदलले होते.

१८३५ मध्ये औट्रम खानदेश सोडून गुजरातेत गेला. पुढे अफगाण युद्ध, सिंध, बडोदे, अयोध्या, इराण असा त्याचा प्रवास झाला. सिंध खालसा करण्यास त्याचा विरोध होता. त्या लुटीतील आपल्या वाट्याचे तीन हजार पौंड त्याने स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय कामांना दिले. बडोद्यातील लाचलुचपत उघड केल्यामुळे वरिष्ठांची गैरमर्जीही त्याने ओढवून घेतली. तथापि १८५६ मध्ये अयोध्येचे राज्य खालसा झाले ते त्याच्याच हातून. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पो या गावी त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याची समाधी आहे.

औट्रमला भिल्लांचा मित्र म्हणावे की त्यांना वश करणारा? माझ्या मते तो दोन्ही होता. ज्यांना इतर अधिकारी केवळ लुटारू समजत, त्यांना त्याने माणूस म्हणून ओळखले, हे त्याचे मोठेपण मान्य केले पाहिजे. पण त्याने जिंकलेला विश्वास सरकारच्या जमाखर्चात जमेला धरला गेला, हेही विसरता येत नाही.

ती पलटण १८९१ साली पोलिसांत विलीन झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा काळही संपला, आणि ते योग्यच झाले. औट्रमचे चरित्र लिहिले गेले, पुतळे उभारले गेले. खंडूचे मात्र नावच तेवढे उरले. पाणी, वारा आणि पावलांचे ठसे वाचण्याची त्याची विद्या अजून आपल्या पाड्यांवरील वृद्धांच्या जिभेवर आहे. आपण लिहायला शिकलो आहोत. ती उतरून घेण्याचे काम आता आपले आहे.