ललिता पवार

ललिता पवार (पूर्वाश्रमीचे नाव : अंबा लक्ष्मणराव सगुण, जन्म : येवला, नाशिक जिल्हा, १८ एप्रिल १९१६, मृत्यू : औंध, पुणे, २४ फेब्रुवारी १९९८) या मराठी व हिंदी चित्रपटांतील ज्येष्ठ चरित्र अभिनेत्री होत्या. मूकपटात बालकलाकार म्हणून सुरू झालेली त्यांची कारकीर्द बोलपट आणि रंगीत चित्रपट या टप्प्यांतून दूरचित्रवाणीपर्यंत पोहोचली. खाष्ट सासूची भूमिका करणारी अभिनेत्री ही त्यांची सर्वाधिक परिचित ओळख असली, तरी त्यांच्या भूमिकांची व्याप्ती त्याहून बरीच मोठी होती.

प्रारंभिक जीवन

ललिताबाईंचे वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी होते. मुलींना शाळेत पाठवण्याची पद्धत रूढ नसलेल्या त्या काळात अंबाचे औपचारिक शिक्षण झाले नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९२८) या मूकपटात तिने बालकलाकार म्हणून प्रथम काम केले. त्या वेळी तिला दरमहा १८ रुपये वेतन मिळत असे.

नायिका आणि निर्माती

१९३०च्या दशकात ललिताबाई नायिका म्हणून नावारूपाला आल्या. १९३२ साली त्यांनी ‘कैलाश’ या मूकपटात भूमिका केली आणि त्याच्या निर्मितीतही सहभाग घेतला. पुढे त्यांनी ‘दुनिया क्या है’ या बोलपटाची निर्मिती केली. तो टॉल्स्टॉय यांच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवर आधारित होता. विशीच्या आसपासच्या स्त्रीने चित्रपटनिर्मितीची जबाबदारी घेणे त्या काळी विरळाच होते. याच सुमारास त्यांनी भालजी पेंढारकर यांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) या मराठी चित्रपटातही भूमिका केली.

अपघात

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका प्रसंगात सहकलाकार मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती अनवधानाने फार जोरात बसली. त्यामुळे ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्याची नस फुटली. उपचार बराच काळ चालले, तरी डोळ्यातील दोष कायम राहिला. नायिकेच्या भूमिका मिळण्याची शक्यता जवळजवळ संपली. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांच्यापुढे चित्रपटसृष्टी सोडणे किंवा चरित्र भूमिकांकडे वळणे, एवढेच पर्याय उरले. त्यांनी दुसरा पर्याय स्वीकारला.

चरित्र भूमिका

१९४४ साली प्रदर्शित झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटात त्यांनी राघोबादादांची पत्नी आनंदीबाई साकारली. नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी जिचे नाव जोडले गेले, त्या महत्त्वाकांक्षी स्त्रीची ही भूमिका होती. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ (१९५०) मध्ये हुंड्यापायी सुनेचा छळ करणारी सासू त्यांनी केली. अशा भूमिकांमध्ये किंचित आक्रसलेला डावा डोळा पात्राच्या कावेबाजपणाची खूण ठरला. ज्या दोषामुळे नायिकापद गेले, तोच पडद्यावर त्यांच्या ओळखीचा भाग बनला. मात्र हे यश केवळ डोळ्याचे नव्हते. आवाजातील धार, शब्दांवरील पकड आणि देहबोलीवरील ताबा यांचाही त्यात मोठा वाटा होता.

खलप्रवृत्तीच्या भूमिकांबरोबरच ममताळू भूमिकाही त्यांनी तितक्याच सहजतेने केल्या. राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई त्यांनी रंगवली. त्याच वर्षीच्या गुरुदत्त यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये त्या पुरुषांविषयी अढी बाळगणाऱ्या श्रीमंत आत्याच्या भूमिकेत होत्या. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका मानली जाते. तोंडाने फटकळ, पण गरीब भाडेकरूवर पोटच्या मुलासारखी माया करणारी ही घरमालकीण सदोष औषधामुळे मरण पावते आणि कथानकाला गंभीर वळण मिळते. ‘जंगली’ (१९६१) मधील करारी आई आणि ‘प्रोफेसर’ (१९६२) मधील, वेषांतर केलेल्या नायकाच्या प्रेमात पडणारी शिस्तप्रिय पालक या भूमिकांतून त्यांची विनोदाची जाण दिसते. ‘आनंद’ (१९७१) मध्ये त्या रुग्णालयातील मेट्रन होत्या.

दूरचित्रवाणी

‘संपूर्ण रामायण’ (१९६१) या चित्रपटात ललिताबाईंनी मंथरा साकारली होती. सुमारे पंचवीस वर्षांनी रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ (१९८७-८८) या दूरदर्शन मालिकेत हीच भूमिका पुन्हा त्यांच्याकडे आली. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. मालिकेच्या अफाट लोकप्रियतेमुळे त्यांचे जुने चित्रपट न पाहिलेल्या पिढीलाही त्या परिचित झाल्या. परंतु कुटिल स्त्रीची त्यांची प्रतिमा त्यामुळे अधिकच घट्ट झाली आणि गंगामाई, मिसेस डिसा यांसारख्या भूमिका काहीशा झाकोळल्या गेल्या.

वैयक्तिक जीवन व निधन

त्यांचा पहिला विवाह चित्रपट दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी झाला होता. तो संपुष्टात आल्यावर त्यांनी निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी विवाह केला. पडद्यावर मात्र ‘ललिता पवार’ हेच नाव कायम राहिले. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यातील औंध येथे वयाच्या ८१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुरस्कार

• फिल्मफेअर सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री पुरस्कार : ‘अनाडी’ (१९५९)
• संगीत नाटक अकादमी पुरस्कार, चित्रपट अभिनय (१९६१)